पुरवण्यांवर लिहिलेलं हस्तलिखित

आमच्या शाळेत दहावीच्या वर्गानं जाताना एक हस्तलिखित मागे ठेवून जायचं, ही फार जुनी पद्धत. फेब्रुवारीत निरोप समारंभ असतो. तो नववीची मुलं उभा करतात. रांगोळी, हार, जेवणाच्या पंगती सगळं त्यांच्याकडे. दहावीचं काम एकच, हस्तलिखित. त्याचे दोन भाग ठरलेले. पहिला ‘आठवणी’, दुसरा ‘उद्या’. प्रकाशन झालं की ते ग्रंथालयाच्या कपाटात जातं आणि पुढच्या वर्गांना वाचायला मिळतं. पाचवीपासून आम्ही ती काढून वाचायचो, कुणाच्या काकाचं, कुणाच्या आईचं अक्षर शोधायचो.

आमची बॅच २०२१ ची. शाळा दापोली तालुक्यात, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यात. त्या वर्षी महाराष्ट्रात दहावीची बोर्डाची परीक्षाच झाली नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडे त्याआधी ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलेलं. दहावीचं वर्ष सुरू व्हायच्या आतच शाळेचं छप्पर गेलं आणि वर्ष संपता संपता परीक्षा गेली. अशा वर्गानं ‘आठवणी’त काय लिहायचं आणि ‘उद्या’त काय, हा प्रश्न आम्हाला खरोखर पडला होता. ते हस्तलिखित कसं झालं, ते इथे लिहिते आहे. मी संपादक मंडळात होते, त्यामुळे प्रत्येक पान माझ्या हातून गेलं. मुलांची नावं देत नाही. ती हस्तलिखितात आहेत, तिथेच असू देत.

शाळा प्रत्यक्ष सुरू झाली २३ नोव्हेंबर २०२० ला, फक्त नववी ते बारावी. पालकांचं संमतिपत्र, दारात ताप मोजायची बंदूक, एका बाकावर एकच जण. तोवरचा अभ्यास मोबाइलवर. पण वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती, विजेचे खांब आडवे झालेले, रेंजचा पत्ता नाही. वीज आल्यावरही ऑनलाइन तास म्हणजे रेंजसाठी छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, जाऊन बसणं. अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला होता. उरलेला सरांनी आणि बाईंनी थोडक्या महिन्यांत जीव तोडून शिकवला.

जानेवारीत मराठीच्या बाईंनी हस्तलिखिताचा विषय काढला. त्याच आमच्या वर्गशिक्षिका. आठवडाभरात लेखांचा गठ्ठा जमला आणि वाचताना मला घाम फुटला. सगळ्यांनी एकच लेख लिहिला होता. शाळेचा पहिला दिवस, आईचा पदर धरून रडणं, रायगडची सहल, स्नेहसंमेलनातलं कोळीनृत्य, शेवटी गुरुजनांचे आभार. जुन्या हस्तलिखितांतून उचललेली वाक्यंही होती. ती मी ओळखली, कारण ती हस्तलिखितं मीही वाचलेली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी प्रत्येक लेखाच्या डोक्यावर लाल पेनानं तीन प्रश्न लिहिले आणि गठ्ठा परत दिला. कुठे? कोण होतं? हातात काय होतं?

तिसऱ्या प्रश्नानं सगळं बदललं. पहिली दोन उत्तरं कुणीही देतं. ‘हातात काय होतं’ म्हटलं की माणसाला त्या जागी परत जाऊन उभं राहावं लागतं. दुसऱ्या खेपेला आलेले लेख निम्म्यानं आखूड होते आणि त्यांतला एकही दुसऱ्यासारखा नव्हता. एकाच्या हातात कंपासपेटीचं झाकण होतं, त्यातून तो गप्पी मासे आणत होता. एकीच्या हातात बहिणीची चप्पल होती. बऱ्याच जणांच्या हातात मात्र पुस्तकं होती, आणि ती सगळी ओली होती.

ही पुस्तकांची गोष्ट जरा सविस्तर सांगते. वादळानं ग्रंथालयाच्या खोलीवरचे पत्रे उचलून नेले, काही तर मागच्या वाडीत पोफळींवर जाऊन अडकलेले. दोन-तीन दिवसांनी वाट मोकळी झाली तेव्हा आसपासच्या वाड्यांतली मुलं शाळेत पोचली. कुणी बोलावलं नव्हतं. कपाटं उभीच होती, पण पुस्तकं फुगून एकमेकांत घट्ट बसलेली, ओढली तर पाठ हातात आणि पानं कपाटात. शिपाईकाकांनी दाखवलं तसं आम्ही कपाटाची फळीच खालून ठोकून काढली आणि अख्खी ओळ एकदम बाहेर घेतली. मग पडवीत बसून एकेक पुस्तक उघडायचं, दर आठ-दहा पानांनंतर वर्तमानपत्राचा तुकडा घालायचा, पुस्तक उभं ठेवायचं, तासाभरानं तुकडे बदलायचे. आर्ट पेपरची चित्रांची पुस्तकं गेलीच. ती एकदा चिकटली की सुटत नाहीत, पानं सोडवायला गेलं तर चित्र सोलून निघतं. साध्या कागदाची पुष्कळशी वाचली. ऊन पडलं की अंगणातल्या कातळावर ठेवायची आणि ढग आला की सगळ्यांनी धावायचं. ते दिवस जूनचे, ढग दर अर्ध्या तासाला यायचा.

हे काम आम्ही केलं तेव्हा त्याला आठवण म्हणतात हे आम्हाला कळलंच नव्हतं. जानेवारीत बाईंच्या त्या प्रश्नामुळे कळलं. वाचवलेल्या पुस्तकांत जुनी हस्तलिखितंही होती. त्यांची शाई पसरली, तरी अक्षर लागतं.

‘आठवणी’त दुसरा मोठा भाग झाला तो शाळेच्या शेवटच्या नेहमीच्या दिवसाचा. मार्च २०२० च्या मध्याला आम्ही नववीत होतो आणि एक दिवस शाळा सुटली ती बंदच झाली. नववीची वार्षिक परीक्षासुद्धा रद्द झाली. त्या दिवसाबद्दल लिहायचं असं बऱ्याच जणांनी स्वतःहून ठरवलं आणि लेख आले तेव्हा गोंधळ उडाला. एकीनं लिहिलं, शेवटचा तास विज्ञानाचा होता, सर भिंगानं कागद जाळून दाखवत होते. दुसऱ्यानं लिहिलं, शेवटचा तास झालाच नाही, आम्ही मैदानात क्रिकेट खेळलो आणि चेंडू विहिरीत गेला. तिसरीनं लिहिलं, बाईंनी भूमितीच्या वह्या परत दिल्या आणि माझी वही राहून गेली, ती मला पुढे आठ महिने मिळाली नाही. एकच वर्ग, एकच दिवस, आणि तिघंही शपथेवर सांगायला तयार. संपादक मंडळात दोन तट पडले. एक तट म्हणे, सरांना विचारून खरं काय ते ठरवा आणि तेवढंच छापा. ‘छापा’ हा आमच्या तोंडातला शब्द, छापणार काहीच नव्हतो. मी दुसऱ्या तटात होते. त्या दिवशी तो शेवटचा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून कुणीच तो जपून ठेवला नाही. नंतर प्रत्येकानं आपापल्या हाताला लागेल तो ठेवला. तिन्ही लेख शेजारीशेजारी घ्यायचे असं शेवटी ठरलं. आजही मला ती तीन पानं सगळ्या हस्तलिखितात सरस वाटतात.

आमच्या वर्गात पाचवीपासून एक नेपाळी मुलगा होता. आमच्याकडे आंब्याच्या बागा राखायला नेपाळहून कुटुंबं येतात, त्यांची मुलं आमच्याच शाळांत शिकतात आणि आमच्यापेक्षा शुद्ध मराठी लिहितात. टाळेबंदीत तो आईवडिलांबरोबर गावी गेला तो दहावीला परत आलाच नाही. पटावर त्याचं नाव नव्हतं. वर्गाच्या आठवणींत मात्र दर चार पानांनी तो होता. त्याला धरायचं की नाही यावर फार बोलणं झालं नाही. धरलाच.

निरोप समारंभ पुढे ढकलत ढकलत मार्च उजाडला, रुग्ण वाढायला लागले आणि समारंभ बारगळला. बोर्डाची परीक्षा २९ एप्रिलला सुरू व्हायची होती. १२ एप्रिलला ती पुढे ढकलल्याची बातमी आली, २० एप्रिलला रद्द झाल्याची. त्या रात्री आमच्या घरात कुणी काहीच बोललं नाही. बाहेरच्यांना वाटतं मुलांनी उड्या मारल्या असतील. दहावीची परीक्षा म्हणजे घरातल्या सगळ्यांनी वर्षभर धरून ठेवलेली गोष्ट असते. टीव्ही बंद, लग्नाला जाणं बंद, पहाटेचा चहा. ती एकदम सुटली की हातांना काही काम उरत नाही.

म्हणून आम्ही ‘उद्या’ घ्यायला बसलो. बसलो म्हणजे आपापल्या घरी.

‘उद्या’चे कच्चे लेख फेब्रुवारीतच आले होते आणि ते ‘आठवणीं’हून वाईट होते. सगळे डॉक्टर, कलेक्टर, सैनिक, आणि सगळे देशाची सेवा करणार. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं, पण कुणी स्वतःचंही लिहिलं नव्हतं. तेव्हा बाईंनी एक तोड काढली होती. स्वतःचं भविष्य लिहायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव निघेल त्याचं २०३१ सालचं पान आपण लिहायचं. लिहिण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारायचे. सकाळी उठल्यावर कुठे असायला आवडेल? कुठलं काम करताना वेळ कळत नाही? जवळ कोण हवं? ‘तू कोण होणार’ हे विचारायचं नाही. बापाचा धंदा विचारल्याशिवाय मुलाला चिकटवायचा नाही. आणि लिहून झालं की ज्याचं पान त्याला आधी दाखवायचं. त्याला मान्य नसेल तर पुन्हा लिहायचं.

टाळेबंदीत हे सगळं फोनवर झालं, पण कागद हिंडवायचे कसे? ते काम आमच्या पाववाल्यानं केलं. त्याची फेरी सकाळी वाडीवाडीतून असायची, अत्यावश्यक म्हणून चालू होती. त्याच्या सायकलच्या मागच्या पेटीत पावांच्या वर, प्लास्टिकच्या पिशवीत, आमची पानं. भोंगा वाजला की आई पाव घ्यायची आणि मी पानं घ्यायची. कागदाचाही प्रश्न होता, दुकानं बंद. बाईंनी कार्यालयातून शाळेच्या सराव परीक्षेसाठी आणलेल्या कोऱ्या पुरवण्या मिळवल्या. डावीकडे समास आखलेला, कोपऱ्यात दोरा ओवायचं भोक. परीक्षेच्या त्या कागदांवर आमचं हस्तलिखित लिहिलं गेलं आणि बांधलंही त्याच पांढऱ्या दोऱ्यानं. दर वर्षी सुंदर अक्षराची एक मुलगी सगळं उतरवून काढते. आमच्या हस्तलिखितात मात्र ज्याचं पान त्याचं अक्षर आहे. मला ते जास्त आवडतं.

तीन प्रश्नांची उत्तरं यायला लागली आणि वर्ग मला नव्यानं कळला. पाजपंढरीच्या बाजूच्या एका मुलाचं पान लिहिणाऱ्या मैत्रिणीनं त्याला चांगल्या मनानं बँकेत साहेब केलं होतं. त्यानं पान परत पाठवलं आणि फोन केला, “मला पाण्यावरनं उठवून खुर्चीत कशाला बसवतेस गो?” त्याला तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य, व्हायचं होतं. स्वतःची होडी, स्वतःचा बर्फ, हर्णैच्या लिलावात आपली म्हावरं आपण लावायची. पावसाळ्यात १ जूनपासून मासेमारी बंद असते तेव्हा काय करशील, असं तिनं विचारलं तर म्हणाला, जाळी विणीन, ते करताना वेळ कळत नाही. ते वाक्य तिनं जसंच्या तसं घेतलं.

एका मुलीनं सगळी उत्तरं झाडांत दिली. त्यांची अख्खी वाडी वादळात झोपली होती. पोफळी मधून मोडलेल्या, माड मुळासकट आडवे. वडिलांनी त्याच पावसात रोपं लावली. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, माडाला त्याहून जास्त. ती म्हणाली, २०३१ म्हणजे आमच्या सुपाऱ्या उतरायला लागून चार-पाच वर्षं झाली असतील, माड नुकते धरले असतील, तेव्हा मला सकाळी शिंपण्याच्या वेळी वाडीत असायचंय. तिच्या वयाच्या मुलीला दहा वर्षांचा इतका नेमका हिशेब होता हे मी कुठेच पाहिलं नव्हतं.

वर्गात पहिली येणारी होती, ती डॉक्टर होणार हे गावानं ठरवून टाकलेलं. पहिल्या प्रश्नाला तिनं उत्तर दिलं, “आतून कडी असलेल्या माझ्या खोलीत.” बाकी काही म्हणाली नाही. तिचं पान तेवढ्यावरच लिहिलं आहे आणि ते तिनं लगेच मान्य केलं.

दुसरी एक गोष्ट मोजायला न जाताही लक्षात आली. आमच्याकडे दहावी-बारावी झाली की मुंबई, हे पिढ्यांचं ठरलेलं. पण ‘सकाळी कुठे’ला मुंबई म्हणणारे अगदी थोडे निघाले. मला वाटतं याचं कारण मे २०२० मध्ये आहे. चाकरमानी गावाला परतले तेव्हा शाळांत विलगीकरण केलं होतं. आमच्या वर्गांत आमचेच काका, मावश्या, भावंडं राहिली. आम्ही कुंपणाबाहेरून डबे द्यायचो. फळ्यावर कुणीतरी रोज एक रेघ ओढून दिवस मोजले होते. पाणी भरताना कुणाचा काका म्हणाला होता, “पंचवीस वर्षं तिथं काढली, पण आजारपणात तिथं राहायची हिंमत झाली नाही.” हे ऐकलेल्या मुलांना भविष्य म्हटल्यावर आधी गाव दिसलं, यात नवल नाही.

नेपाळी मित्राची चिठ्ठीही टाकली होती आणि ती एका शांत मुलाला आली. त्याच्याकडे जुना नंबर होता, तो लागत नव्हता. ज्याला विचारलं नाही त्याचं भविष्य लिहायचं नाही, हा आमचा नियम. त्या मुलानं वर नाव लिहिलं आणि खालची पुरवणी कोरी ठेवली. बाईंनी ते पान तसंच क्रमानं लावलं.

माझं पान लिहिलं ते मागच्या बाकावरच्या एकानं, ज्याच्याशी मी सहा वर्षांत शंभर वाक्यंही बोलले नसेन. त्यानं लिहिलं, ‘ती दुसऱ्यांची पानं वाचत असेल आणि त्यांना प्रश्न विचारत असेल.’ मी एक शब्दही बदलायला सांगितला नाही.

मेच्या मध्याला तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मी पानांची पिशवी उशाखाली घेऊन झोपले. मग २८ मे ला निकालाचं सूत्र जाहीर झालं. १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी मूल्यमापनाचे, २० तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे. नववीची वार्षिक परीक्षाही आमची झालेली नव्हती. म्हणजे आमच्या दहावीचा अर्धा निकाल ज्या नववीवर उभा, ती नववी अर्धीच होती. नववीच्या पहिल्या सत्रात कावीळ झालेली एक मुलगी आमच्यात होती. दहावीत ती पहाटे चारला उठून अभ्यास करत होती, आणि ते दाखवायला तिला जागाच मिळाली नाही. १६ जुलैला निकाल लागला. राज्याचा ९९.९५ टक्के, आमच्या कोकण विभागाचा १०० टक्के. ‘परीक्षा न देता पास’ हे आम्ही तेव्हापासून ऐकतो आहोत. नोकरीच्या मुलाखतीतही हे ऐकलेले आमच्यात आहेत. ते बोलणाऱ्यांनी आमच्या वर्गातल्या कुणाचाही सड्यावर बसून दिलेला एक तास तरी पाहायला हवा होता.

निकालानंतर आठवडाही झाला नाही तोच २२ जुलैला चिपळूण बुडालं. पाणी ओसरल्यावर आमच्या वाडीतून टेम्पो गेला गाळ काढायला, त्यात आमचे काही जण होते. तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरलं, हे कळलं तेव्हा आमच्या ग्रुपवर पहिला निरोप आला तो असा: ओढू नका म्हणावं, फळीसकट बाहेर काढा.

ऑगस्टमध्ये अकरावीची सीईटी उच्च न्यायालयानं रद्द केली आणि प्रवेशाचा घोळ एकदाचा संपला. शाळा सोडल्याचे दाखले घ्यायला आम्हाला थोडेथोडे करून बोलावलं होतं. बाईंनी पडवीत टेबल टाकलं, वर हस्तलिखित. दाखल्याची सही झाली की ज्यानं तुझं पान लिहिलं त्यानं ते वाचायचं आणि तू ऐकायचं. मास्कमधून आवाज नीट येत नव्हता, पुन्हा वाचावं लागायचं. तांडेल व्हायचं असलेला मुलगा ऐकताना वळून भिंतीकडे बघत उभा राहिला. कडीवाली मुलगी ऐकून झाल्यावर म्हणाली, परत वाच. हाच आमचा निरोप समारंभ. हार नव्हते, पंगत नव्हती. मला त्याची उणीव वाटत नाही.

आता पाच वर्षं झाली. बहुतेकांची पदवी होत आली, काही कामाला लागले. तांडेल व्हायचा होता तो मामाच्या होडीवर आहे. वाडीतल्या पोफळींना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली, त्याचा फोटो तिनं ग्रुपवर टाकला. कडीवाली मुलगी पुण्याला शिकते, खोलीत तिघी राहतात, तेव्हा ते पान अजून उद्याचंच आहे.

आणि गेल्या महिन्यात नेपाळी मित्र सापडला. इन्स्टाग्रामवर कुणीतरी शाळेच्या घंटेचा, रुळाच्या त्या तुकड्याचा फोटो टाकला होता, त्याखाली त्यानं लिहिलं, ‘शेवटच्या दिवशी ही मी वाजवली.’ पोखऱ्याला हॉटेलात काम करतो. त्याचं म्हणणं, त्या दिवशी घंटेची पाळी त्याची होती, सरांनी शाळा एक तास आधी सोडायला सांगितली, आणि विज्ञान, क्रिकेट, भूमितीच्या वह्या यांतलं काहीच झालं नाही. आमच्यात पुन्हा दोन तट पडले. बाईंना फोन केला तर त्यांनी त्यावर निकाल दिला नाही. कपाटात अजून कोऱ्या पुरवण्या आहेत, एक पाठवते, त्याच्याच अक्षरात येऊ दे, एवढं म्हणाल्या. मग विचारलं, “आणि त्याला तीन प्रश्न विचारलेत का?”

ज्याला त्याची चिठ्ठी आली होती त्या शांत मुलानं विचारले. दोन उत्तरं आली आहेत. तिसऱ्यासाठी तो म्हणाला, रविवारी सुट्टी असते, फोनच करतो.